वाघमारे अण्णांचा लाल टॅग

आमच्या कंपनीत सकाळी आल्या आल्या माणसं पंचिंग मशीनला अंगठा देतात आणि कॅन्टीनच्या चहाकडे धावतात. वाघमारे अण्णा चहाकडे बघायचेसुद्धा नाहीत. ते थेट प्रेस शॉपमध्ये शिरायचे, खिशातून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक चालू प्रेसच्या बेअरिंगवर टेकवायचे, मूठ उजव्या कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. शेजारी प्रेसचा ऑपरेटर, पेशंटचा नातेवाईक उभा राहावा तसा, तोंड पाडून उभा. मग अण्णा डोळे उघडायचे आणि निकाल द्यायचे.

"काही नाही. खालचा बेअरिंग बोलायलाय. अजून दीड महिना काढतो."

आणि बेअरिंग दीड महिनाच काढायचा. चाळीस दिवस नाही, पन्नास नाही. बेअरिंगनं अण्णांचं ऐकलं की अण्णांनी बेअरिंगचं, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आमची कंपनी चाकणला. पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवणारी, नऊ प्रेस एका रांगेत असलेली. मी तिथं क्वालिटीला. तयार माल मोजायचा आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा, एवढंच माझं आयुष्य. अण्णा मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन. त्यांनी मला पहिल्या दिवशी 'इन्स्पेक्टर' म्हटलं आणि पुढची बावीस वर्षं तेच म्हटलं. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याबद्दल आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

अण्णांचे वडील लातूरकडून पिंपरीच्या कारखान्यात कामाला आलेले, स्वतः पिंपळे गुरवला वाढलेले. अंगानं काटकुळे. युनिफॉर्मला इस्त्री अशी की ग्रीससुद्धा कडेकडेनं लागायचं. डाव्या कानावर कायम पेन्सिल. "डावा कान पेन्सिलीला, उजवा मशीनला," असं ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो. त्या हसण्याची मला पुढं फार लाज वाटली. ते ओघात येईलच.

आधी टॅगबद्दल सांगतो, कारण त्यावाचून ही गोष्ट उभी राहत नाही.

प्रेसच्या आत हात घालायचा असेल तर आमच्याकडे एक रीत आहे. मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, कुलपात आपला फोटो असलेला लाल टॅग अडकवायचा आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. टॅगवर लिहिलेलं असतं : 'काम चालू आहे. हात लावू नये.' ज्याचा टॅग त्यानंच काढायचा. मॅनेजर आला, मालक आला, मालकाचा सासरा आला, तरी दुसऱ्यानं काढायचा नाही. "टॅगच्या पलीकडं एका माणसाचा हात असतोय," असं अण्णा नव्या माणसाला सांगायचे आणि स्वतःचा पंजा त्याच्या डोळ्यांपुढं धरायचे. पाचही बोटं शाबूत. प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे हे सर्टिफिकेट दुर्मीळ असतं.

आता एवढी गंभीर गोष्ट, पण अण्णांना तिचं व्यसन लागलेलं. त्यांच्याकडे टॅगचं अख्खं बंडल होतं. डब्याला टॅग. खुर्चीला टॅग. कंपनीच्या बसमधल्या खिडकीच्या सीटला टॅग. एकदा मी त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घेतली, तर दुसऱ्या दिवशी चटणीच्या डबीला वेगळा टॅग. माझ्यासारखा माणूस त्या टॅगांकडे गंमत म्हणूनच बघायला लागला. इथंच मी फसलो.

तर सात-एक वर्षांपूर्वी ऑफिसमधले सहा कॉम्प्युटर भंगारात निघाले. गेटपाशी ढीग पडलेला. अण्णा तिथं थबकले. आमचे मेंटेनन्स मॅनेजर पाठक साहेब जवळच उभे होते.

"साहेब, यांना झालंय काय?"

"काही नाही हो. जुने झाले. नवीन सिस्टीम यांच्यावर बसत नाही."

"म्हणजे चालतेत?"

"चालतात, पण चालवायचे नाहीत."

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली. "साहेब, हे वाक्य जरा परत म्हणता का? वहीत लिहून घेतो."

पाठक साहेब हसले, आणि हसलेला मॅनेजर सही करतोच. दोन पेट्या मेंटेनन्स रूममध्ये आल्या. आतल्या डिस्क कंपनीनं माहितीच्या काळजीपोटी काढून घेतल्या होत्या. अण्णांची मुलगी प्रज्ञा नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. ती सुट्टीत आली तेव्हा तिनं बापाला एक वापरलेली डिस्क दिली आणि एक पेन ड्राइव्ह. "बाबा, यात लिनक्स आहे, कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. जुन्या मशीनवर चालतं. फुकट आहे, पण वाचावं लागतं."

"वाचावं लागतं" हे तिनं इशारा म्हणून सांगितलं होतं. अण्णांनी ते आमंत्रण म्हणून घेतलं. पिंपळे गुरवच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी तीनशे पानं छापून आणली, सुतळीनं शिवली आणि बसमध्ये खिडकीशी बसून वाचायला सुरुवात केली. मोशीच्या चौकात आमची बस रोज इतकी अडकते की त्या चौकानं अण्णांना लिनक्स शिकवलं असं म्हणायला हरकत नाही. इंग्रजी दहावीपर्यंतचं, पण प्रत्येक ओळीखाली पेन्सिल. मी विचारायचो, "अण्णा, या वयात कशाला?" ते म्हणायचे, "इन्स्पेक्टर, आजवर जेवढी मशीनं हाताळली त्यांची पुस्तकं साहेबाच्या कपाटात. ह्या पहिल्या मशीनचं पुस्तक माझ्या मांडीवर हाय."

आणि मग तो पहिला दिवस! जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं त्या पेटीपुढं बसलो. काळा पडदा. त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकतेय. बाकी काही नाही. चित्र नाही, बटण नाही, स्वागत नाही. मी म्हटलं, बिघडलं. अण्णा म्हणाले, "गप. ते विचारायलंय."

"काय विचारतंय?"

"काय करू म्हणून."

त्यांनी पुस्तकात बघून एक आज्ञा टाइप केली. पडद्यानं पासवर्ड मागितला. अण्णांनी एका बोटानं पासवर्ड दाबायला सुरुवात केली आणि पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही, फुली नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म.

आता सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? पुस्तकाचं पुढचं पान उलटलं असतं. पण आम्ही मेंटेनन्स रूममध्ये बसलो होतो. की दाबल्यावर काही उमटत नाही, म्हणजे की खराब! अण्णांनी की-बोर्ड उलटा केला, अकरा स्क्रू काढले, आतलं सगळं टेबलावर मांडलं. स्प्रे मारून साफ केलं. मल्टिमीटर लावून एकेक की तपासली. मी की दाबायची, मीटरनं 'पीं' म्हणायचं आणि अण्णांनी वहीत बरोबरची खूण करायची. एकशे चार की. एकशे चार 'पीं'. सगळ्या ठणठणीत. प्रेस ऑपरेटर सखाराम तुपे, चाकण गावातलाच माणूस, दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "अण्णा, पेटीच खुळी हाय ती."

परत जोडलं. परत तेच. शेवटी वैतागून मी म्हटलं, न का दिसेना, सगळा पासवर्ड आंधळेपणानं मारा आणि एंटर दाबा. अण्णांनी मारला. एंटर दाबला.

आणि पडदा धावायला लागला! ओळींमागून ओळी, वरून खाली, धबाधबा. आम्ही तिघं मागं सरकलो. ती पेटी सगळा वेळ मुकाट्यानं प्रत्येक अक्षर घेत होती, फक्त दाखवत नव्हती.

मी कपाळाला हात लावला. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र जे होतं ते मी फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. ते हळूच म्हणाले, "बघ. गुपित सांगितलं तर पोटात ठेवतंय. एवढं सभ्य मशीन मी पाहिलं नव्हतं."

त्या दिवसापासून ते पासवर्ड मागणारी कुठलीही आज्ञा देण्याआधी आपलं कुलूप काढून की-बोर्डशेजारी ठेवायचे. आधी आज्ञा वहीत लिहायची, मोठ्यानं वाचायची, मग टाइप करायची, पुन्हा वाचायची, मग एंटर. एरर आली की आम्ही वैतागायचो. अण्णा चष्मा लावायचे. "एरर ही शिवी नसती, इन्स्पेक्टर. पत्ता असतोय. शेवटपर्यंत वाचला की घर सापडतंय." आणि खरंच, पहिल्याच आठवड्यात पेटीतून आवाज येत नव्हता त्याचं घर त्यांना एका एररच्या सतराव्या ओळीत सापडलं.

आवाज. सगळं तिथंच होतं.

दरवर्षी कंपनीत कानांची तपासणी होते. काचेची खिडकी असलेल्या एका पेटीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं. बाहेर तपासणारा बसलेला. त्या वर्षी अण्णांच्या मागं माझा नंबर होता आणि मी काचेतून बघत होतो. अण्णांची नजर समोर नव्हती. ती तपासणाऱ्याच्या बोटांवर होती. त्याचं बोट हललं की अण्णा बटण दाबायचे. शंभर टक्के पास.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा चेहरा वाचला. कोपऱ्यात नेऊन म्हणाले, "इन्स्पेक्टर, माल रिजेक्ट करू नको."

"अण्णा, किती गेलाय?"

"डावा गेला त्याला आठ वर्षं झाली. पेन्सिलीपुरता राहिलाय. उजवा चाललाय हळूहळू. बारीक आवाज आधी जातेत. चिमण्या गेल्या. कुकरची शिट्टी गेली. बेअरिंगचा खालचा सूर अजून हाय. रिटायर व्हायला दोन वर्षं हायेत. तेवढं पुरायला पाहिजे."

"कशाला पुरायला पाहिजे?"

तेव्हा त्यांनी मला त्या पेटीपुढं बसवलं आणि तीन महिने ते काय करत होते ते दाखवलं. लिनक्सवर त्यांना एक प्रोग्रॅम सापडला होता. आवाज दिला की तो आवाजाचं चित्र काढतो. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, आणि जिथं आवाज मोठा तिथं रंग गडद. अण्णा दिवसाआड फोनवर एकेका प्रेसचा आवाज रेकॉर्ड करत होते, एका वेगळ्या डिस्कवर टाकत होते आणि फोनमध्ये जागा कमी म्हणून तिथून पुसत होते. फाइलला नाव द्यायचे : 'प्रेस-३-ओके'. 'प्रेस-५-बेअरिंग'. 'प्रेस-८-पट्टा-सैल'. मग स्क्रूड्रायव्हर कानाला लावून जे ऐकलं ते आणि पडद्यावर जे दिसलं ते शेजारी शेजारी ठेवून बघायचे. शिवाय प्रत्येक चित्र पेन्सिलीनं वहीत उतरवायचे. रांगोळीसारख्या नऊ-दहा वह्या!

"कान हायेत तोवर डोळ्यांना शिकवायचं," ते म्हणाले. "एकदा कान गेला की मला सांगणारं कुणी न्हाई, हे चित्र म्हणजे कुठला आवाज. दोन्ही बाजू जाणणारा माणूस एकच हाय आणि तोही मावळायलाय."

त्या दिवसापासून मी लिनक्सचा भक्त झालो. आणि भक्त काय करतात? घोळ करतात.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी. मोठी दुरुस्ती त्याच दिवशी. वर्षभरानं असाच एक गुरुवार. अण्णा चार नंबरच्या प्रेसखाली शिरलेले, मेन स्विचवर त्यांचं कुलूप, टॅग. मी दुरुस्तीनंतरच्या मापांसाठी आलेलो, पण तीन तास काही काम नव्हतं. मेंटेनन्स रूममध्ये ती दुसरी पेटी रिकामी पडलेली. मनात आलं, आपणच हिच्यावर लिनक्स बसवू. अण्णा वर येतील, हात पुसतील आणि बघतील तर काय, दुसरी पेटी चालू! मी तर त्यांचं "वा रे इन्स्पेक्टर" आधीच ऐकून घेतलं.

पेटीला डिस्क पाहिजे होती. फळीवर एक डिस्क होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवीला लाल टॅग. 'काम चालू आहे. हात लावू नये.' फोटोतून अण्णा माझ्याकडे बघतायत.

मी हसलो. चटणीच्या डबीला टॅग लावणारा माणूस! मी गाठ सोडली, टॅग टेबलावर ठेवला, डिस्क बसवली, प्रज्ञाचा तो पेन ड्राइव्ह लावला. पडद्यानं विचारलं, कसं बसवू? मी निवडलं, पूर्ण डिस्क पुसून. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की? सभ्य मशीन. मी एंटर दाबला.

पाऊण तासानं अण्णा कपड्याला हात पुसत आत आले. त्यांची नजर पडद्यावर गेलीच नाही. ती टेबलावरच्या टॅगवर गेली.

"टॅग कुणी काढला?"

"मी."

"वीज बंद कर. आत्ता. काही लिहू नको तिच्यावर."

मी बटण शोधत राहिलो. त्यांनीच प्लग ओढला. डिस्क बाहेर काढली, पिशवीत घातली, गाठ मारून टॅग पुन्हा बांधला आणि ती छातीच्या खिशात ठेवली. सव्वा वर्षाचे आवाज होते तिच्यात. दोनशे चौदा. मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते म्हणाले, "चार नंबर अर्धी उघडी हाय," आणि पुन्हा प्रेसखाली शिरले. संध्याकाळी पाचपर्यंत त्यांनी ते काम पूर्ण केलं, शेवटचा बोल्ट टॉर्क रेंचनं तपासून. मी मापं घेतली. सगळी अचूक. मी ओकेचा शिक्का मारला.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. मोशीला बस अडकली तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "डिस्कची अनुक्रमणिका फाटली असेल. पानं बहुतेक असतील. जितक्या पानांवर तू नवीन लिहिलंस तेवढी गेली." आणि पिशवीतून ती सुतळीनं शिवलेली पानं काढून वाचायला लागले.

पुढचे तीन आठवडे मी एका माणसाला काम करताना बघितलं. असं काम मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि पुढंही बघेन असं वाटत नाही. त्यांनी आधी त्या डिस्कची हुबेहूब नक्कल बनवली. "ओरिजिनलला हात नाही. नकलेवर चुकायचं." मग इंटरनेटवर जिथं लिनक्सवाले एकमेकांना प्रश्न विचारतात तिथं आपल्या इंग्रजीत लिहिलं. सुरुवात 'रिस्पेक्टेड ऑल' अशी, शेवट 'युवर्स फेथफुली, वाघमारे, इलेक्ट्रिशियन' असा. मधे डिस्कची सगळी मापं, न विचारलेलीसुद्धा. माझं नाव कुठंच नव्हतं. 'बाय मिस्टेक डिस्क इरेज्ड,' एवढंच. कुणी, ते नाही.

तासाभरात उत्तर आलं. कुठल्यातरी बर्फाळ देशातून. मग दुसरं, मग तिसरं. ओळीओळीनं सांगितलेलं, काय करा, काय अजिबात करू नका. अण्णा पडद्याकडे बघतच राहिले.

"हा माणूस कोण हाय?"

"कुणास ठाऊक, अण्णा."

"त्याला माझ्या प्रेसचं काय पडलंय?"

"काहीच नाही."

"आणि तरी तो बसून एवढं लिहितोय." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग उत्तर दिलं : 'थँक यू सर. जय भीम.' त्या माणसानंही, अर्थ न कळता, उत्तरात तेच दोन शब्द लिहून पाठवले. अण्णांनी ते पान छापून वहीत चिकटवलं.

दोनशे चौदापैकी एकशे पंचाण्णव आवाज परत आले. एकोणीस गेले. अठरा पुन्हा रेकॉर्ड करता येण्यासारखे होते. एकोणिसावा होता 'प्रेस-२-ओके'. दोन नंबरची प्रेस त्याआधी महिन्याभरातच तोडून भंगारात दिलेली. आमच्या शॉपमधली सगळ्यात जुनी. अण्णा नोकरीला लागले ते तिच्यावर. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायला ते शिकले तेही तिच्यावरच. बाकी सगळे आवाज ते तिच्या आवाजाशी ताडून बघायचे.

मी म्हटलं, "अण्णा, आता?"

"वही हाय की."

त्यांनी वही उघडली. त्यात 'प्रेस-२-ओके'चं चित्र, पेन्सिलीनं, बारीक बारीक रेघांनी काढलेलं. आणि मग त्या साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसानं फोन तोंडापुढं धरला, डोळे मिटले आणि तोंडानं प्रेस चालवायला सुरुवात केली!

"हुम्म्म्म... ढॅक्. च्छ्श्श... हुम्म्म्म... ढॅक्."

मला हसू फुटत होतं. मी ओठ चावून धरला. रेकॉर्ड करायचे, पडद्यावर चित्र बघायचे, वहीतल्या चित्राशी ताडायचे, मान हलवायचे, पुन्हा. हे जेवणाच्या सुट्टीत, आठ दिवस. सखाराम तुपेला बोलावलं. त्यानं अकरा वर्षं ती प्रेस चालवलेली. अण्णांचा कान आता भरवशाचा नव्हता, म्हणून ऐकायला सखाराम आणि बघायला अण्णा.

"न्हाई अण्णा. ढॅकच्या मागं ती जरा खोकायची."

"कशी?"

"म्हाताऱ्या माणसावानी. क्हं."

"ढॅक्-क्हं."

"एवढं न्हाई. तोंडावर हात धरून खोकल्यासारखं."

आठव्या दिवशी अण्णांनी केलं. पडद्यावर चित्र उमटलं, खालची जाड पट्टी, मधला उभा गडद खांब, आणि त्याच्या पाठीला चिकटलेला तो छोटासा ठिपका, वहीत होता तिथंच. मी चित्राकडे बघत होतो. मग माझं लक्ष सखारामच्या पायाकडे गेलं. तो स्टुलावर बसलेला, डोळे मिटलेले, आणि त्याचा उजवा पाय प्रत्येक 'हुम्म'ला फरशी दाबत होता. पेडल दाबल्यासारखा. त्याला पत्ताही नव्हता.

मला आता हसू येत नव्हतं.

अण्णांनी फाइलला नाव दिलं, 'प्रेस-२-ओके'. मग तीन प्रती केल्या. एक रूममध्ये, एक प्रज्ञाकडे, आणि एक घरी, तांदळाच्या डब्यात. "तांदूळ दमट हवा ओढून घेतोय," असं शास्त्र त्यांनी बायकोला, आमच्या वंदना वहिनींना, सांगितलं. वहिनींनी त्यांना काय सांगितलं ते त्यांना ऐकू आलं नाही.

कान जेमतेम दोन वर्षं पुरला. रिटायर होण्याच्या आदल्या महिन्यात त्यांनी पाठक साहेबांना पेटीपुढं बसवलं, पाठ साहेबांकडे आणि तोंड पडद्याकडे करून, फक्त चित्रं बघून नऊच्या जागी उरलेल्या आठ प्रेसची तब्येत सांगितली. साहेबांनी सगळ्या उघडून तपासल्या. आठही निदानं बरोबर. मग साहेब अण्णांना काहीतरी बोलले, बराच वेळ, भरून येऊन. अण्णा नम्रपणे मान हलवत होते. मला माहीत होतं, त्यांना त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता.

ती पेटी अजून आमच्याकडे चालू आहे. नवीन माणसं आधी वही उघडतात, मग पडदा.

गेल्या वर्षी ते मुलीकडे नांदेडला कायमचे निघाले. आदल्या दिवशी मी रहाटणीहून त्यांच्या घरी गेलो, पिंपळे गुरवला. खोक्यांचा ढीग. वहिनी बांधाबांध करतायत. अण्णा रिटायर झाल्यावर घरी घेतलेल्या कॉम्प्युटरपुढं. हा तरी बांधा की, म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "त्यांना हलवा तुम्ही, मग तो हलेल."

कानाचं मशीन खिशात होतं. "त्याच्यात नुसता कालवा," असं म्हणून ते खिशातच ठेवायचे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि एक छोटा माईक पुढं सरकवला. "नवा घेतलाय. बोल काहीतरी. बघू दे."

"काय बोलू?" असं मी हातानं विचारलं.

"काहीही."

मी माईक हातात घेतला. चार वर्षं जे बोललो नव्हतो ते बोललो. बोलायला जमलं, कारण समोरच्याला ऐकू येत नव्हतं. "अण्णा, तो टॅग मी काढायला नको होता. तुमचा हात होता पलीकडं. मला तेव्हाच कळायला हवं होतं." आणखीही दोन वाक्यं होती, ती इथं लिहीत नाही. मागं दोरी बांधणाऱ्या वहिनींचे हात थांबले.

अण्णा पडद्याकडे बघत होते. चित्र उमटत गेलं. त्यांनी चष्मा वर केला, पेन्सिल काढली आणि तिच्या टोकानं पडद्यावर एक जागा दाखवली.

"इथं घासायलंय." पुढं सरकले. "इथं थांबलास. इथं दम संपला, तरी रेटलंस." पुन्हा मागं गेले आणि सगळं चित्र पहिल्यापासून बघितलं, एकेक इंच, एररची ओळ वाचावी तसं. माझ्या खुर्चीत एखादी प्रेस बसली असती तर तिनंही श्वास रोखून धरला असता.

मग त्यांनी फाइलला नाव द्यायला घेतलं. एका बोटानं, एकेक अक्षर. 'इन्स्पेक्टर'. थांबले. माझ्याकडे बघितलं. एक आडवी रेघ. मग 'ओके'.

एंटर.

डिस्क काढली, पिशवीत घातली, सामानाच्या ढिगातला तांदळाचा डबा ओढला आणि कोपरापर्यंत हात घालून ती तळाशी पुरली. वहिनी ओरडल्या, "अहो, संध्याकाळच्या भाताला ठेवलेत ते तांदूळ!" अण्णांनी शांतपणे झाकण लावलं, बंडलातला शेवटचा लाल टॅग काढला आणि डब्याच्या कडीला गाठ मारून बांधला.

मी उठलो. डबा नेमका दाराच्या वाटेत होता. पायानं जरा सरकवला असता तरी चाललं असतं. मी खोक्यांवर चढून, भिंतीला धरून, त्याला वळसा घालून बाहेर पडलो.